पाणबुड्याची पूर्वतयारी

राजाजीनगर, बंगळूर
२१ ऑगस्ट १९६४

ती. अक्का,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण पाठ धरली आहे. का धरली ते पुढे येईलच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, म्हणजे बाकीचं पत्र शांतपणे वाचता येईल.

मी पाणबुड्या होणार आहे.

पाठीवर हवेची टाकी, तोंडात रबराची नळी, डोळ्यांवर काच आणि पायांत बदकाचे पंजे, अशा अवतारात पाण्याखाली जाऊन काम करायला शिकवणारा चार आठवड्यांचा वर्ग नोव्हेंबरात कोचीनला भरतो आहे. आमच्या प्रयोगशाळेतून एक माणूस जायचा आहे. तो मी.

धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब मोजणारं माझं यंत्र तुला आठवत असेल. तुझ्याकडे आलो होतो तेव्हा जेवताना त्याच्यावर इतकं बोललो की तू ताक वाढायची विसरलीस. सहा वर्षांपूर्वी ते भिंतीला बसवलं, मग धरण भरलं, आणि त्यानंतर ते कोणी पाहिलेलं नाही. बसवायच्या वेळी मी टायफॉइडने अंथरुणावर होतो, म्हणजे मीसुद्धा नाही. दरमहा तिकडून आकडे येतात. इतके सुरेख आकडे की त्यांच्यावर मी दिल्लीला निबंध वाचला. पण लेक सासरी द्यावी आणि सहा वर्षं नुसती खुशालीची पत्रं यावीत, तसं झालं आहे माझं. एकदा जाऊन बघावं असं कुठल्या बापाला वाटणार नाही?

तेव्हा संचालकांनी बैठकीत विचारलं, "पोहता कोणाला येतं?" आणि दोन हात वर झाले. एक बसवंतचा. हा गोकाकचा मुलगा, वय सव्वीस, खांदे दाराएवढे. दुसरा हात माझा. संचालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही?" मी म्हटलं, "साहेब, आम्ही कृष्णाकाठची माणसं. श्रावणातल्या पुरात घाटावरून उडी टाकायची आणि पलीकडच्या मळ्यात निघायचं, हा आमचा खेळ."

बसवंतने हात खाली घेतला. आमच्याकडे हात ज्येष्ठतेप्रमाणे खाली येतात.

माझा आणि पाण्याचा संबंध बादलीपुरता, हे तुला ठाऊकच आहे. पालथं पडून पलंगावर हातपाय मारून पाहिले. पाठ धरली ती तेव्हा. तुझी भावजय प्रेमा धावत आली. म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "योगासन." तिला इतकंच सांगितलं आहे की कोचीनला यंत्रांचा वर्ग आहे.

टाकी तिथे मिळते. काचेचा मुखवटा, पंजे, पोशाख ज्याचा त्याने न्यायचा. तू समुद्रावर राहतेस. कोणाला तरी विचारून कळव, काय घ्यावं आणि कसं पारखावं.

तुझा
विद्याधर

---

कारवार
२८ ऑगस्ट १९६४

चि. विद्याधर,

आशीर्वाद पुष्कळ पाठवते. तुला ते लागणार आहेत.

माझ्या सगळ्या मावसभावांत, गणपती बोळवताना घोटाभर पाण्यात "बुडालो, बुडालो" म्हणून ओरडलेला एकच आहे, आणि सरकारने पाण्याखाली पाठवायला नेमका तोच निवडला. देशाची काळजी वाटते.

शेजारचे कृष्णाजी पूर्वी आरमारात होते. समुद्राच्या तळावर आपण चाललो आहोत असं सांगतात. त्यांच्या दहा गोष्टींतल्या नऊ थापा असतात, पण दुसरं कोण आहे विचारायला? ते म्हणतात, रोज दोन कच्ची अंडी खावीत आणि पाण्याखाली मासा डोळ्याला डोळा लावून बघू लागला तर आधी आपण मान वळवावी. या दोन्ही तू सोडून दे. तिसरी मला पटली: मुखवटा पट्टा न बांधता नुसता तोंडावर धरायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर आपला. पडला तर दुकानदाराचा. चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, सैल कामाचा नाही.

आता माझं. आधी पोहायला शीक. सामान नंतर घे. आणि ती पुरातल्या उडीची गोष्ट मी ऐकलेली आहे, पण तुझ्या तोंडून नाही. तुझ्या घरात कृष्णाकाठचं माणूस एकच आहे. तिला खरं सांग आणि तिच्याकडूनच शीक.

हेमलता

---

राजाजीनगर, बंगळूर
२० सप्टेंबर १९६४

ती. अक्का,

नमस्कार. पाठ बरी आहे. अब्रूचं बघू.

रविवारच्या जुन्या बाजारात लष्करातून मोडीत निघालेल्या मालाच्या ढिगात दोन मुखवटे मिळाले. एक लहान, एक मोठा. तुझी परीक्षा मी केली. भर रस्त्यात काच तोंडावर धरून नाकाने श्वास ओढत उभा राहिलो, तेव्हा भोवती पंधरावीस माणसं जमली आणि एका बाईंनी पाणी आणून दिलं. लहान मुखवटा घट्ट चिकटला. मोठा पडला.

मी मोठा घेतला.

रागावू नकोस. शाळेच्या सदऱ्यापासून लग्नाच्या कोटापर्यंत आपल्या घरात कोणी अंगाबरोबर काही घेतलं आहे का? आईचा नियमच होता: वाढत्या अंगाचं घ्या. माझं अंग आता फक्त पोटाकडे वाढतं हे खरं, पण हात आपोआप मोठ्या मापाकडे गेला. दुकानदारही म्हणाला, "स्वल्प दोड्डदु इरली सार," म्हणजे थोडा मोठाच असू द्या. हा माणूस नक्की माझ्या आईचा नातेवाईक असणार. शिवाय मोठ्यात चष्मा मावतो. चष्म्याशिवाय मी पाण्याखाली गेलो तर माझं यंत्र समजून कासवाला कुरवाळीन.

रबरी पोशाख शिवायला चिकपेठेत कोट शिवणाऱ्याकडे गेलो. आयुष्यात त्याने रबर शिवलेलं नव्हतं, पण नाही म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नाही. माप घेताना विचारतो, "खिसे किती, सार?" मी दोन म्हटलं. एक पेनासाठी. पोशाख परवा मिळाला. आत शिरायला पाव तास, बाहेर यायला प्रेमाची शिवणाची कात्री. तिला सांगितलं, कारखान्यातला उष्णतेपासून वाचवणारा अंगरखा आहे. ती म्हणाली, "वाचवतोय कसला, यात तुम्ही शिजताय."

पोहणं चालू आहे. म्हणजे सकाळी तलावावर जाणं चालू आहे. उथळ बाजूला शाळकरी पोरांच्यात छातीएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि अंगभर खोबरेल चोळून घेतो. बसवंतही येतो. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि मधूनच हाक मारतो, "बन्नी सर, या ना!" मी हात हलवून सांगतो की दम राखून ठेवतो आहे. तो भाबडा आहे. त्याला वाटतं, पुरात उड्या टाकलेल्या माणसाला या डबक्यात गोडी कसली!

प्रेमाला सांगेन. योग्य वेळ बघतो आहे. आणि गोष्टींवर काही कोणाचं नाव कोरलेलं नसतं.

विद्याधर

---

कारवार
२६ सप्टेंबर १९६४

चि. विद्याधर,

मोठा मुखवटा परत कर, लहान घे. चष्म्याच्या काड्या रबराखाली आल्या तर पाणी आत येणारच. हे कळायला आरमारात जावं लागत नाही. चष्मेवाल्याकडून लहान मुखवट्याच्या काचेलाच आतून भिंगं चिकटवून घे.

गोष्टींवर नाव कोरलेलं नसतं, पण ज्याची असते त्याला ती आपली म्हणून ओळखू येते. योग्य वेळ कालच होती.

हेमलता

---

राजाजीनगर, बंगळूर
खंडेनवमी, १४ ऑक्टोबर १९६४

ती. अक्का,

दसऱ्याचं सोनं आगाऊ.

लहान मुखवटा आणला. भिंगं बसली. आरशात पाहिलं तर बरणीतल्या घुबडासारखा दिसतो, पण घुबड स्पष्ट दिसतं.

आणखी मोठी बातमी, परदेशातून झडप आली! टाकीच्या तोंडावर बसते ती ही. टाकीतली कोंडलेली हवा आपल्याला झेपेल अशी घोटाघोटाने तोंडात सोडते. सगळ्या बंगळुरात अशी एकच असावी. ऑफिसाने दीड वर्ष लिहून लिहून मिळवली आणि "अनुभवी माणसाकडे असू दे" म्हणून माझ्या स्वाधीन केली.

आज आयुधपूजा. इथे या दिवसाचं काय प्रस्थ असतं ते तुला पाहायला हवं. बसच्या कपाळाला गंध, चाकाखाली लिंबू, कारखान्यात प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, फाटकाशी कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. आमच्या घरीही पाटावर शिवणाचं मशीन, विळी, माझी मोजपट्टी, पाना मांडला. आणि मधोमध झडप.

वडिलांची शिस्त तू पाहिली आहेस. खंडेनवमीला प्रत्येक हत्यार खोलायचं, पुसायचं, तेल द्यायचं, मगच त्याला हळदकुंकू. बिनतेलाच्या हत्याराची पूजा म्हणजे उपाशी पाहुण्याला ओवाळणं, असं ते म्हणायचे. मी झडप खोलली. आत सगळं कोरडं ठणठणीत! एवढी किंमत घेऊन या लोकांना चार थेंब तेल सुचू नये? मशीनचं तेल सढळ हाताने दिलं, रबराच्या पडद्यालासुद्धा. आता लोण्यासारखी चालते.

मंगळवारी चार वाजता तलावावर संचालकांपुढे प्रात्यक्षिक आहे. त्यासाठी एक भरलेली टाकी कोचीनहून मागवली आहे. मला "सर्दी" असल्यामुळे झडप लावून बसवंत उतरेल आणि मी काठावरून समजावून सांगेन. काठावरच्या विद्येत मी कोणाला हार जाणार नाही.

विद्याधर

---

तार
कारवार, २० ऑक्टोबर, सकाळ

झडपेतील तेल जीवघेणे. टाकीला जोडू नका. कोणालाही वापरू देऊ नका. हेमलता

---

राजाजीनगर, बंगळूर
२२ ऑक्टोबर १९६४

ती. वन्संना प्रेमाचा नमस्कार.

तुमची तार दुपारी माझ्याच हातात आली. मला तर सगळं नवीनच. पण "जीवघेणे" हा शब्द वाचल्यावर बाकीचं समजायची वाट कोण बघतं? तलावावर काहीतरी आहे एवढं हे सकाळी बोलले होते. कुलूप लावलं आणि बस धरली.

पोहोचले तर बसवंत टाकी पाठीला बांधून पायरीवर, नळी तोंडाशी, आणि हे खुर्च्यांपुढे उभे राहून हातवारे करत भाषण देत होते. मी मोठ्याने म्हटलं, "ती टाकी सोडवा आधी!" सगळे वळले. मी तार वाचून दाखवली. बसवंतने नळी अशी टाकली जशी तिच्यात इंगळी होती.

संचालकांनी ह्यांना विचारलं, "तेल कोणी घातलं?" हे म्हणाले, "मी. खंडेनवमी होती." कोणी हसलं नाही, वन्सं. संचालक स्वतः खुर्चीत बसले आणि हळूहळू सांगितलं की एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं, आणि नाही घेतलं तर छातीत जातं. ह्यांचं तोंड पांढरंफटक. 

मग संचालक माझ्याकडे वळून, बिचारे मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "बाई, काळजी करू नका. पुरात कृष्णा ओलांडणारा माणूस आहे. चूक कोणाचीही होते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वन्सं, कुडचीच्या घाटावरून उडी मी मारली होती. तेराव्या वर्षी. पलीकडच्या मळ्यात निघाले, मामाने काठीने बडवलं, आणि पुढच्या वर्षी लग्नाचं बघायला सुरुवात झाली. पहिल्या दिवाळीला मी ह्यांना ते सांगितलं होतं. तेव्हा हे नुसतं "हं" म्हणाले. मला वाटलं, ऐकलंच नाही.

मग हेच पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, पुरातली उडी हिची आहे. मला पोहता येत नाही. मी पाण्यात कधी छातीच्या पुढे गेलेलो नाही." तेव्हा मात्र सगळे हसले. बसवंत सोडून.

घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, "सगळी गोष्ट घेतलीत ती घेतलीत. मामाची काठी तरी माझ्याकडे ठेवायची." अठरा वर्षांत माझं एक बोलणं ह्यांनी शब्दन्‌शब्द लक्षात ठेवलं, याचा आनंद मानू की राग धरू, मला कळत नाही. सध्या राग धरला आहे. स्वयंपाक करते, वाढते, बोलत नाही.

तुम्ही वेळेवर तार केलीत. त्या पोराच्या आईला तुमचं नावसुद्धा माहीत नाही.

तुमची
प्रेमा

---

राजाजीनगर, बंगळूर
२९ नोव्हेंबर १९६४

ती. अक्का,

इतके दिवस पत्र नाही, कारण लिहिण्यासारखा मी उरलो नव्हतो.

कृष्णाजींना माझा नमस्कार सांग. नऊ थापा मारणाऱ्या माणसाचं दहावं वाक्य ऐकून तू तार केलीस म्हणून बसवंत जिवंत आहे. हे मी रोज एकदा स्वतःला सांगतो. त्यात विनोद करायला जागा सापडत नाही, आणि तू जाणतेस, मी जागा सोडणारा माणूस नाही.

कोचीनला बसवंत गेला. निघताना मी माझा मुखवटा देऊ केला. त्याने लावून पाहिला आणि अदबीने म्हणाला, "सर, यातून मला तुम्ही चार दिसता." भिंगं माझ्या डोळ्यांची ना! त्याने तिथूनच नवा मिळवला. झडप सुटी करून मी गरम पाण्याने आणि साबणाने धुतली, फुगलेला पडदा बदलायला दिला, आणि कोचीनच्या लोकांनी तपासून पास केल्याशिवाय कोणी हात लावणार नाही अशी व्यवस्था झाली. संचालक मला म्हणाले, "वर्गाला तुम्ही जात नाही. पण यंत्र तुमचं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा पोहता येत असेल, तर बसवंतबरोबर उतरा. नसेल, तर काठावरून भाषण करा."

मग प्रेमाकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "मला शिकवशील?" तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "कोणाची उडी शिकायची आहे? पुन्हा माझीच?" म्हटलं, "उडी नको. नुसतं बुडू नये एवढं." सुपातले चार खडे वेचून टाकले आणि म्हणाली, "उद्या पहाटे. आणि ते तेल चोळून येऊ नका. धरायला निसटता."

गावाबाहेर देवाप्पांच्या मळ्यात विहीर आहे. पाठीला दोन वाळके भोपळे बांधून मी त्यात तरंगतो. प्रेमा नऊवारीचा काचा मारून पाण्यात शिरते आणि अक्का, ती पाण्यात शिरली की मला ओळखू येत नाही. बाहेर ती माझ्या मागून चालते. आत मी तिच्या मागे असतो, बराच मागे. काल एक भोपळा काढला. मी अर्धा बुडतो.

विद्याधर

---

धरणावरचं विश्रामगृह
९ मे १९६५

ती. अक्का,

उतरलो.

भोपळे सुटून दोन महिने झाले. नवा पोशाख, त्याला खिसे नाहीत. टाक्या आणि दुसरी झडप कोचीनहून उसन्या आणलेल्या. बसवंतने माझी प्रत्येक पट्टी स्वतः ओढून पाहिली, तोंडावर मुखवटा दाबून "श्वास ओढा सर" म्हणाला, हात सोडला, आणि तो चिकटून राहिला. कमरेला दोर. त्याचं टोक काठावर प्रेमाच्या हातात. ते शिपायाकडे द्यायचं होतं. तिने दिलं नाही. "एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. आणि तिसरा देत बसू नका, तोवर मी उडी मारलेली असेन," म्हणाली.

यंत्र या दिवसांत पाण्याखाली जेमतेम दोन पुरुष खोल. वरून हिरवं, खाली तपकिरी. कानात टाचण्या टोचतात, स्वतःचा श्वास घोरल्यासारखा ऐकू येतो. भिंतीला हात लावत लावत खाली गेलो. बसवंतने बोट दाखवलं. मी हाताने शेवाळ पुसलं आणि माझ्या नावाची पितळी पट्टी दिसली. अक्का, मी एक झटका द्यायचा विसरलो. वरून प्रेमाने दिला.

मग तार शोधली. यंत्रातून निघून जी वर मोजणीघरात जाते ती. वीतभर होती. पुढे काही नाही. टोकाला डांबर लावून ते व्यवस्थित बांधून ठेवलेलं, जसं बसवणाऱ्याने "उरलेलं उद्या" म्हणून ठेवावं. आणि मग पाणी भरलं.

ती कधीच जोडलेली नव्हती.

वर आल्यावर मोजणीघरातल्या माणसाला विचारलं, मग दरमहा आकडे कुठून आले? तो गोंधळला. म्हणाला, "तुमच्याच तक्त्यातून, सार. पाणी इतकं तर दाब इतका, असा छापील तक्ता तुम्हीच पाठवला होता की. काटा हलत नव्हता, पण आकडा तर पाठवायलाच हवा."

म्हणजे सहा वर्षं मी माझाच तक्ता पोस्टाने परत घेत होतो. त्यावर निबंध वाचला. टाळ्या घेतल्या. बढती घेतली. आकडे सिद्धान्ताशी इतके तंतोतंत जुळतात, असं दिल्लीला म्हणालो होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, "फारच जुळतात." मी त्यांचे आभार मानले होते.

खाली काय आहे हे आम्हा दोघांनीच पाहिलं होतं. बसवंत अंग पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, अहवालात काय घालू? तार तुटली असं घालता येईल. सहा वर्षांत तारा तुटतात." फार चांगला मुलगा आहे. मी थोडा वेळ त्या वाक्यात बसून पाहिलं. ते माझ्या मापाचं होतं, जरा सैलसर, चांगलं वाढत्या अंगाचं. प्रेमा दोर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही, पण गुंडाळायची थांबली.

मी म्हटलं, "तार जोडलेलीच नव्हती असं घाल. खाली माझी सही घेऊन जा."

दोर पुन्हा गुंडाळू लागली ती.

बंगळूरला गेल्यावर काय होईल ते होईल. उद्या सकाळी आम्ही दोघं पुन्हा उतरतो आहोत. यंत्र खोलून वर आणायचं, नवी तार जोडायची, जागच्या जागी बसवायचं आणि ती तार मोजणीघरात न्यायची. संध्याकाळपर्यंत काटा हलेल. भीती वाटते आहे, पाण्याची नव्हे. इतकी वर्षं ते काय म्हणणार हे मला आधीच ठाऊक असायचं. उद्या ते पहिल्यांदा स्वतः बोलणार आहे, आणि ते काय बोलेल याची मला काहीही कल्पना नाही.

तुझा
विद्याधर